टँकमधला मासा रोज मरतो आणि रोज एक मोली कमी होते

इंदिरानगरवासी (शनिवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण मासे पाळतात हे माहीत आहे, म्हणून धागा काढतोय. हसायचं तर हसा, पण मदत करा.

घरी हॉलमध्ये तीन फुटी टँक आहे. दोन वर्षं झाली, मोली आणि दोन-तीन गप्पी, असे बोटाएवढे मासे, एवढाच संसार. महिन्याभरापूर्वी लेकीच्या हट्टापायी एका दुकानातून नवा मासा आणला. दुकानदाराने 'मिक्स आफ्रिकन' असं लिहिलेल्या टँकमधून काढून दिला, दीडशे रुपये घेतले आणि "सगळ्यांमध्ये राहतो, काही त्रास नाही" म्हणाला. साधारण चार इंची, पांढुरका, अंगावर तपकिरी डाग. भूगोलाच्या वहीतले खंड वाटावेत असे. म्हणून लेकीने नाव ठेवलं नकाशा.

गेल्या रविवारी सकाळी बघतो तर नकाशा तळाला वाळूवर पडलेला. पूर्ण कुशीवर. कल्ले हलताहेत की नाही तेही कळेना. म्हटलं गेला बिचारा. लेक उठायच्या आत काढून टाकावा म्हणून जाळी घातली. जाळी वीतभर लांब असताना हा पठ्ठ्या उठला आणि असा सुटला की अर्धा ग्लास पाणी माझ्या बनियनवर.

तेव्हापासून दर एक-दोन दिवसांनी हेच. दोन-चार मिनिटं पडतो, उठतो, जसं काही झालंच नाही. खाण्याची तक्रार नाही, उलट हावरट आहे. दुसरं म्हणजे मोली अकरा होत्या. आज मोजल्या, सहा. मेलेली एकही सापडली नाही.

बायको म्हणते नाटकी आहे. मला वाटतंय काहीतरी रोग असणार. आणि मोली जाताहेत कुठे?

झब्बू (रात्री ११.१४)

वहिनी बरोबर आहेत. धागा बंद करा.

काचपेटी (रात्री ११.३२)

दादा, फोटो टाका ना. नसेल जमत तर एवढं सांगा. डाग उभ्या पट्ट्यांसारखे की ढगांसारखे वेडेवाकडे? डागांवर अजून बारीक ठिपके शिंपडल्यासारखे आहेत का? अंगाला पिवळी झाक आहे का? आणि तोंड केवढं आहे?

इंदिरानगरवासी (रात्री ११.४०)

फोटो चढत नाहीये, दहादा करून बघितलं. डाग ढगांसारखेच. बारीक ठिपके नाहीत, पिवळं काही नाही. तोंड मोठं आहे, म्हणजे अंगाच्या मानाने बरंच मोठं.

काचपेटी (रविवार, सकाळी ७.०५)

रात्री झोप आली म्हणून आता लिहितोय.

पिवळी झाक असती तर व्हेनुस्टस म्हटलं असतं. त्याला आपल्याकडचे दुकानदार 'जिराफ' म्हणून विकतात. बारीक ठिपके असते तर पॉलिस्टिग्मा. तुमचं वर्णन बघता हा निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी दिसतो. तिघे चुलतभाऊच. लहानपणी हे सगळे 'मिक्स आफ्रिकन'मध्ये दीडशे-दोनशेला जातात आणि मग मोठे होतात.

हा सिक्लिड कुळातला, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा रहिवासी. जगात नैसर्गिकरीत्या तिथे आणि त्या सरोवराला जोडलेल्या पाण्यातच सापडतो. सरोवर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गंगापूर धरणाचं बॅकवॉटर येतं, तसलं काही मनात आणू नका. साधारण ५६० किलोमीटर लांब. नाशिकहून मुंबईला जा, परत या, पुन्हा मुंबईला जा, तरी दुसरं टोक आलेलं नसेल. खोली काही ठिकाणी ७०० मीटरच्या घरात. गंमत म्हणजे साधारण अडीचशे मीटरच्या खाली पाण्यात प्राणवायूच नाही, त्यामुळे माशांचं सगळं गाव वरच्या थरात नांदतं. या एका तळ्यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक दुसरीकडे कुठेच नाहीत.

डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रवासी १८५९ साली त्या सरोवराकाठी पोहोचला होता, त्याचं नाव या माशाला मिळालं. निंबो म्हणजे ढग, ते अंगावरच्या डागांवरून. पण तिथल्या कोळ्यांनी ठेवलेलं नाव मला जास्त आवडतं. ते याला 'कालिंगोनो' म्हणतात. अर्थ, झोपाळू.

तर दादा, तुमचा नकाशा आजारी असेलच असं नाही. तो झोपाळू आहे. आणि मोली कुठे जाताहेत ते आता तुमचं तुम्हीच ओळखा.

झब्बू (सकाळी ७.४०)

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. इथे तर थेट तिरडीवर झोपण्याचं सोंग.

शंकेखोर (सकाळी ९.१५)

काचपेटी, माहिती चांगली आहे, पण "मासा मेल्याचं सोंग घेतो" हे वाक्य मला पचत नाही. म्हातारा वाघ साधू झाल्याचं सोंग घेतो, कोल्हा द्राक्षं आंबट म्हणतो, या पंचतंत्रातल्या गोष्टी. (कोल्हा पंचतंत्रातला नाही, माहीत आहे. नाशिकचा असतो तर द्राक्षं आंबट म्हणालाच नसता.) मासा तळाला आडवा का पडला याची दहा साधी कारणं असू शकतात. पोटातली हवेची पिशवी बिघडली, पाण्यात अमोनिया वाढला, नुसता दमला. यापैकी एकही न तपासता एकदम 'नाटक'?

शिवाय मासे पाळणारे एकमेकांचं ऐकून लिहितात. मूळ कोणी पाहिलंय का?

निवृत्त_फळा (दुपारी १२.५०)

शंका रास्त आहे, आणि तिला उत्तरही आहे. मी प्राणिशास्त्र शिकवत असे. फळा सुटला, सवय सुटली नाही, तेव्हा लांबलं तर माफ करा.

मूळ पाहिलंय. केनेथ मॅके नावाचे संशोधक मलावी सरोवरात पाणबुड्याचा पोशाख चढवून माशांमागे फिरत. १९८१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तो नेमका याच माशाच्या मेल्याचं सोंग घेण्यावर. टँकमधली ऐकीव गोष्ट नव्हे, सरोवराच्या तळावर प्रत्यक्ष पाहिलेली.

त्यांनी पाहिलं ते असं. मासा उघड्या वाळूवर खाली येतो आणि एका कुशीवर कलंडतो. मग हालचाल बंद. आता त्याच्या डागांचा विचार करा. पोहताना ते डाग पाणगवतातल्या उन्हा-सावलीत मिसळून जातात. पण तोच मासा वाळूवर आडवा पडला की डागांचा अर्थ बदलतो. तो सडायला लागलेल्या माशासारखा दिसतो, ठिकठिकाणी कातडी काळवंडलेली. मेलेला मासा म्हणजे तळ्यातल्या लहान माशांची पंगत. कोणी टोचून बघायला येतं, कोणी लचका तोडायला. टप्प्यात आलं की हा पडल्या जागेवरूनच आडवा झडप घालतो.

म्हणजे इथे फसतो तो भित्रा नाही, हावरा. कोपऱ्यात दबा धरून बसणारा शिकारी येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट बघतो. हा गिऱ्हाईक बोलावून घेतो.

आता शंकेखोर, तुमचा खरा आक्षेप 'सोंग' या शब्दावर आहे असं मला वाटतं. तो मान्य. माशाच्या मनात "चला आता मरूया" असं काही चालतं, असं कोणी म्हणत नाही. जे मासे असे पडून राहिले त्यांना पोटभर मिळालं, त्यांची पिल्लं जास्त जगली, पिढ्यान्‌पिढ्या सवय घट्ट होत गेली. शिकाऱ्याने निरुपद्रवी वस्तूचं रूप घेण्याला जीवशास्त्रात आक्रमक नक्कल म्हणतात. काडीकिडा काडीसारखा दिसतो तो स्वतःला वाचवायला. हा प्रेतासारखा दिसतो तो दुसऱ्याला खायला.

आणि हे एकट्या लिव्हिंगस्टोनीचं नाही. मध्य अमेरिकेत पॅराक्रोमिस फ्रीड्रिश्टाली नावाचा सिक्लिड आहे. आफ्रिकेपासून अख्खा अटलांटिक महासागर ओलांडून पलीकडे. त्यानेही मेल्याचं सोंग घेतल्याची नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. कूळ एकच, पण ही विद्या दोघांनी आपापली शिकलेली दिसते.

गोदाकाठ (दुपारी २.२०)

बाई, फार छान सांगितलंत.

आमचं घर पूर्वीपासून नदीचं. आजोबा जाळं टाकायचे, मी आता सातपूरला कंपनीत आहे, पण सुट्टीला गळ घेऊन बसतोच. मेलेल्याचं सोंग घेणारा मासा आपल्याकडे मी पाहिला नाही. पण गप्प बसून मारणारा पाहिलाय, मरळ. पाणवनस्पतीत लाकडासारखा पडून असतो. बेडूक जवळ आला की एकच फटका. तोच मरळ पिल्लं झाली की वेगळाच. नारिंगी पिल्लांचा झुबका पाण्यावर तरंगतो आणि आई-बाप खाली पहारा करतात. त्या वेळी जवळ गेलात तर गळालाही चावतो, भुकेने नाही, रागाने.

आणि बगळ्यातला भुरा ढोकरी. पुस्तकात त्याचं नाव वंचक. म्हणजे फसवणारा. काठावर मातीच्या ढेकळासारखा बसतो, उडाला की एकदम पांढरा. नाव ठेवणाऱ्याने नीट बघून ठेवलंय.

एक विचारायचं होतं. आमच्या जाळ्यात चिलापी येते ढिगाने. तीपण सिक्लिड म्हणतात ते खरं का?

निवृत्त_फळा (दुपारी ३.०५)

अगदी खरं. चिलापी, म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतलीच. आपल्या देशात ती १९५२ साली आणली गेली. नकाशाची लांबची आत्या म्हणा. कोकणातल्या खाडीत मिळणारी काळुंदरही सिक्लिडच, पण ती मात्र इथलीच, बाहेरून आलेली नाही.

गोदाकाठ, चिलापी पकडल्यावर कधी तोंडातून अंडी किंवा पिल्लं पडलेली पाहिलीत?

गोदाकाठ (दुपारी ३.११)

हो! आजोबा म्हणायचे, चिलापी स्वतःची पोरं खाते. बादलीत टाकली की तोंडातून बारीक बारीक पिल्लं ओकते.

निवृत्त_फळा (दुपारी ३.३०)

आजोबांनी पाहिलं ते बरोबर, अर्थ उलटा लागला. ती खात नव्हती, सांभाळत होती. मादी अंडी तोंडात धरते, तिथेच ती उबतात.

नकाशाच्या जातीतही हेच. मादी वाळूवर अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते. मग साधारण तीन आठवडे अंडी आणि पिल्लं तिच्या तोंडात. तेवढे दिवस तिचा जवळजवळ उपासच. पिल्लं पोहायला लागली की बाहेर सोडते, पण धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. ज्या तोंडाने दिवसभर दुसऱ्यांची पोरं गिळायची, त्याच तोंडात स्वतःची पोरं ठेवायची. नराचं काम फक्त मिरवण्याचं. विणीच्या दिवसांत त्याचे डाग पुसट होऊन तो गडद निळा होतो.

या तोंडातल्या पाळण्यावर डल्ला मारणारेही त्याच तळ्यात आहेत बरं का. काही सिक्लिड अंडी तोंडात धरलेल्या मादीच्या डोक्यावर धडक मारतात. ती दचकून तोंड उघडते, अंडी सांडतात, की यांची चंगळ. मॅके यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९८३ साली याबद्दलही लिहिलं होतं.

शेजारच्या टांगानिका सरोवरात तर माशांचे खवले खाणारे मासे आहेत. त्यांची तोंडं वाकडी असतात. काहींची उजवीकडे, काहींची डावीकडे. डाव्या तोंडाचा एका बाजूने हल्ला करतो, उजव्या तोंडाचा दुसऱ्या. एका प्रकारचे फार वाढले की भक्ष्य मासे त्या बाजूला सावध होतात आणि दुसऱ्या प्रकाराची चलती होते. विषय भरकटला, पण वर्गात या तासाला मुलं कधी जांभई देत नसत.

माईची_सून (सायंकाळी ६.४५)

मी मासे पाळत नाही, खातही नाही, तरी सगळा धागा वाचून काढला. आमच्या सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मेलं लबाड, देवळाबाहेर झोपणाऱ्या भिकाऱ्यासारखं, नाणं पडलं की डोळे उघडतं."

पण काका, खरंच आजारी असेल तर कसं ओळखायचं? सोंग म्हणून दुर्लक्ष केलं आणि खरंच गेला, असं नको व्हायला.

काचपेटी (रात्री ८.२०)

ताई, योग्य प्रश्न. मला पहिल्यांदा हाच घोळ झाला होता.

सोंग घेणारा तळालाच पडतो, आणि उठल्यावर एकदम सरळ, चपळ पोहतो. जवळून बघाल तर डोळा फिरतो. अंग मेलेलं, पण डोळा जिवंत. खाणं पडलं की सोंग मोडतं. आजारी असतो तो पडून उठला तरी वाकडा, डुगडुगत पोहतो, किंवा वर पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरका लटकतो. कल्ले भराभर चालतात. खात नाही. पोट फुगलेलं, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लोंबती असेल तर ते मलावीच्या माशांचं नेहमीचं दुखणं, ब्लोट. त्यात वेळ घालवू नका.

ब्लोट बऱ्याचदा आपणच ओढवतो. शिकारी मासा आहे म्हणून लोक चिकनचे तुकडे, काळीज असलं घालतात. जमिनीवरच्या जनावराची चरबी या माशांना पचत नाही. चांगले पेलेट, अधूनमधून ताजी कोळंबी सोलून. बाजारातला सुका जवळा खारवलेला असतो, तो नको. आणि जिवंत गप्पी-मोली खाऊ म्हणून टाकायची हौस टाळा, त्यांच्याबरोबर रोग घरात येतात. (इंदिरानगरवासी दादांची हौस अनवधानाने झाली, ते वेगळं.)

बोअरवेल_बाबा (रात्री ९.०२)

आमचा विषय पाणी, म्हणून तेवढंच बोलतो.

मलावीचं पाणी दुष्फेन, म्हणजे आपल्या भाषेत जड. पीएच साडेसात ते साडेआठच्या मधे. नाशिकमध्ये दोन तऱ्हा. महापालिकेचं पाणी येतं ते गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांचं, त्यात क्लोरीन. ते एक दिवस उघडं ठेवा किंवा क्लोरीन मारायचे थेंब टाका. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, बादलीला पांढरा थर धरतो ते. बायकांच्या शिव्या खाणारं हे पाणी मलावीच्या माशाला मात्र मानवतं. पण कॉलनीगणिक बोअर वेगळी, तेव्हा टेस्ट किट आणून मोजा, माझ्यावर विसंबू नका.

तापमान चोवीस ते अठ्ठावीस. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हीटर पाहिजेच. निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवशी टँकचाही बघत जा.

आणि खरी गोष्ट कोणी बोलत नाहीये. हा मासा दहा इंचांपर्यंत जातो. तीन फुटी टँक, म्हणजे तीन बाय एक बाय दीड धरला तर सव्वाशे लिटरच्या आसपास. त्यात दहा इंची मासा म्हणजे रिक्षात हत्ती. किमान पाच-सहा फुटी टँक लागेल. सहा बाय दोन बाय दोन घेतला तर पावणेसातशे लिटर, म्हणजे नुसतं पाणीच पावणेसातशे किलो. तिसऱ्या मजल्यावर असाल तर आधी भिंतीकडेची जागा बघा, मग टँक.

झब्बू (रात्री ९.३०)

एवढं कशाला? सोमेश्वरला नेऊन गोदावरीत सोडून द्या. पुण्य लागेल. नाहीतर गंगापूर धरणात. मासा खुश, तुम्ही खुश.

गोदाकाठ (रात्री ९.३४)

झब्बू, हे गमतीतसुद्धा नको.

निवृत्त_फळा (रात्री ९.५८)

गोदाकाठ म्हणाले ते अक्षरशः खरं. चिलापी आणली तेव्हाही हेतू चांगलाच होता, लोकांना स्वस्त मासा मिळावा. आज किती जलाशयांत तिने इथल्या माशांची जागा खाल्ली आहे ते गोदाकाठना विचारा. टँकमध्ये काच साफ करायला आणलेला सकर मासा मोठा झाला की लोक नदीत सोडतात, तोही आता ठिकठिकाणच्या जाळ्यांत येतो आणि काट्यांनी जाळी फाडतो. खाली नांदूर मधमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० साली जाहीर झालेलं. नदीत वर सोडलेली वस्तू खाली जाते. तळ्यात सोडण्याला आपण पुण्य म्हणतो, तळ्याला कोणी विचारत नाही.

झब्बू (रात्री १०.०५)

चूक झाली बाई. कोपऱ्यात उभा राहतो.

शंकेखोर (सोमवार, सकाळी १०.२०)

बाईंचं उत्तर पटलं. सरोवरात हे घडतं हे मान्य. पण इंदिरानगरच्या हॉलमध्ये काय घडतंय हा प्रश्न उरतोच. धागाकर्त्याने मासा पडलेला पाहिला. मोली कमी झालेल्या पाहिल्या. या दोन गोष्टींची सांगड आपण घातली. पडलेला असताना त्याने मोली पकडताना कोणी पाहिलंय का? रात्री सरळ पाठलाग करूनही खात असेल.

निवृत्त_फळा (सकाळी १०.४५)

माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हा प्रश्न विचारला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. इंदिरानगरवासी, मोबाईल टँकसमोर लावा.

इंदिरानगरवासी (गुरुवार, रात्री १०.३०)

उशीर झाला, माफी. तीन दिवस जुना मोबाईल चार्जरला लावून टँकसमोर ठेवला होता. ऑफिसात कळलं तर काय म्हणतील! घरी मात्र टीव्ही बंद आणि सगळे हेच बघताहेत.

मोली गेल्या तीन. आता उरल्या तीन. उरलेल्यांना काल रात्रीच बादलीत हलवलं, उगाच बळी नको.

दोन मोली गेल्या पहाटे, सहाच्या सुमारास, हॉलमध्ये जेमतेम उजाडत असताना. नकाशा अजिबात आडवा नव्हता. फिल्टरच्या मागे उभा, डोकं किंचित खाली. मोली फिल्टरच्या बाजूने आली आणि पुढच्या चौकटीत मोली नाहीच. तोंड पुढे नळीसारखं निघालं आणि परत गेलं एवढंच दिसतं. शंकेखोर, तुम्ही जिंकलात.

तिसरी मात्र मंगळवारी, भर दुपारी सव्वाला. हे मी पंधरा वेळा बघितलंय. नकाशा टँकच्या मधोमध उघड्या वाळूवर आला, सावकाश खाली बसला आणि बाजूला कलंडला. तीन मिनिटं आणि काही सेकंद नुसता पडून. पहिली मोली आली, वरून बघून गेली. मग दुसरी, काळी. ती शेपटीकडून आली. शेपटीला एक टोचा मारला. हा हलला नाही! पुन्हा एक टोचा. नाही हलला. मग ती पोटाकडून पुढे सरकली, डोक्यापाशी आली, आणि संपलं. आडव्याचा आडवाच वळला. मग सरळ झाला, दोनदा तोंड चावल्यासारखं केलं, आणि अन्नाच्या वेळी येतो तसा काचेपाशी येऊन उभा राहिला.

लेक आधी रडली. मग म्हणाली, "बाबा, परत लाव."

बाकी तीन दिवसांत तो अजून चार वेळा पडला होता. चारही वेळा काही मिळालं नाही, उठून गेला.

काचपेटी (रात्री १०.४१)

अंगावर काटा आला. शेपटीला टोचा मारूनही हलला नाही!

तोंड चावल्यासारखं केलं ते घशातल्या जबड्याचं काम. सिक्लिडना पुढच्या जबड्याशिवाय घशात आणखी एक जबडा असतो. पुढच्याने पकडायचं, मागच्याने दळायचं.

शंकेखोर (रात्री १०.५५)

जिंकलो कसला, अर्धा हरलो. पाच वेळा पडला, एकदा मिळालं. पहाटेच्या दोन शिकारी मात्र साध्या दबा धरून. म्हणजे सोंग हा त्याचा जोडधंदा आहे, मुख्य पीक नाही. निदान तुमच्या टँकमध्ये तरी.

निवृत्त_फळा (रात्री ११.१०)

हे निरीक्षण मला आवडलं. तीन फुटांत त्याच त्या मोली रोज त्याला बघतात. पहिली वरून बघून गेली, ती कदाचित शहाणी झाली असेल. सरोवरात नवं गिऱ्हाईक रोज येतं. एका टँकवरून, एका माशावरून नियम काढू नये, पण वहीत लिहून ठेवावं असं आहे.

त्याचे भाऊबंद वेगवेगळे डाव खेळतात. व्हेनुस्टस वाळूत अर्धवट रुतून वाट बघतो. लिन्नी नावाचा आहे तो खडकाच्या कडेवर ओणवा राहतो आणि कपारीत लपलेली पिल्लं सोंडेसारख्या तोंडाने ओढून घेतो. घरातल्या प्रत्येकाचा धंदा वेगळा.

इंदिरानगरवासी (रात्री ११.२५)

सहा फुटी टँकला आमच्याकडे ना जागा आहे ना गृहमंत्र्यांची परवानगी. ज्या दुकानातून आणला तिथे गेलो होतो. "परत घेत नाही, मोठा टँक घ्या, आमच्याकडे आहे" असं ऐकून आलो. कोणी सांभाळेल का याला? पैसे नकोत. लेकीची अट एकच, नाव बदलायचं नाही.

काचपेटी (रात्री ११.२८)

गंगापूर रोडला माझ्याकडे साडेपाच फुटी टँक आहे, त्यात सगळे याच्याएवढे किंवा मोठे. रविवारी आणा. आधीच्या दिवशी खायला घालू नका, पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. आल्यावर पिशवी तरंगत ठेवू आणि तासभर थोडं थोडं माझ्या टँकचं पाणी मिसळू. नाव नकाशाच राहील.

माईची_सून (शुक्रवार, सकाळी ८.१५)

रविवारी काय झालं ते नक्की सांगा. सासूबाई विचारणार.

इंदिरानगरवासी (रविवार, दुपारी १.४०)

पोहोचवला. स्कूटरवर लेक मागे पिशवी मांडीत घेऊन बसली होती. सिग्नलला खाली बघितलं तर पिशवीत आडवा. लेक म्हणे, "बाबा, मोली नाहीयेत तरी?"

काचपेटी (रविवार, रात्री ९.५०)

टँकमध्ये सोडल्यावरही कोपऱ्यात बराच वेळ आडवाच होता. माझे बाकीचे मासे लांबून बघत होते, जवळ कोणी गेलं नाही. आठ वाजता उठला. आता पेलेट टाकले, तीन खाल्ले.

शंकेखोर (रात्री १०.०२)

पिशवीतलं आणि कोपऱ्यातलं ते सोंग नव्हे. प्रवासाचा ताण.

निवृत्त_फळा (रात्री १०.०५)

या वेळी मीही शंकेखोरांच्या बाजूने.

झब्बू (रात्री १०.०६)

वहिनी काय म्हणतात?

इंदिरानगरवासी (रात्री १०.१५)

म्हणतात, नाटकी आहे.